जायंट्सच्या मालकांना खुले पत्र: डार्टची स्वस्त वर्षं हातची घालवू नका

प्रति,
मारा आणि टिश कुटुंबीय
तसेच जनरल मॅनेजर श्री. जो शोन,
न्यूयॉर्क जायंट्स, ईस्ट रदरफर्ड, न्यू जर्सी

सादर नमस्कार.

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये जायंट्सचा २०२४चा हंगाम ३ विजय आणि १४ पराभवांवर संपला, २०२५चा ४ आणि १३ वर. कॉलेजातले खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडायच्या २०२६च्या ड्राफ्टमध्ये पाचवा क्रमांक वाट्याला आला आहे. तिसऱ्या फेरीची निवड मात्र हाती नाही, ती २०२५ मध्ये क्वार्टरबॅक (चेंडू फेकून हल्ला चालवणारा खेळाडू) जॅक्सन डार्टला मिळवताना ह्यूस्टनला देऊन झाली. मार्च २०२६ मध्ये करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार, म्हणजे फ्री एजन्सी, उघडेल, एप्रिलमध्ये ड्राफ्ट होईल आणि या दोन महिन्यांत तुम्ही जे ठरवाल त्यावर पुढची तीन वर्षं जातील. म्हणून हे पत्र आत्ता लिहितो आहोत.

मराठीत लिहितो आहोत, कारण एडिसनपासून पार्सिपनीपर्यंत मराठी घरं आहेत आणि त्यांतली मुलं निळी जर्सी घालून वाढली आहेत. त्यांच्या आईवडिलांना आयपीएलच्या लिलावाचा हिशेब तोंडपाठ असतो, ड्राफ्ट आणि सॅलरी कॅपचा (संघाच्या एकूण पगारखर्चाची मर्यादा) मात्र कुणी नीट मांडून दाखवत नाही. तो मांडल्याशिवाय आमची तक्रार कळणार नाही.

आयपीएलच्या लिलावात नवा मुलगा असो की कसलेला गडी, दोघांवरही बोली लागते. एनएफएलमध्ये कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूचे पैसे त्याच्या निवडीच्या क्रमांकावरून ठरतात. तो कोणत्या जागेवर खेळतो याचा त्यांच्याशी संबंध नसतो. पाचव्या क्रमांकाला टॅकल (क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या लाइनच्या टोकाचा) घ्या नाहीतर सेफ्टी (बचावात सर्वांत मागे उभा राहणारा), चार वर्षांची रक्कम जवळपास तीच. फ्री एजन्सीत मात्र जागेप्रमाणे भाव असतो. क्वार्टरबॅक, टॅकल, क्वार्टरबॅकवर धावून जाणारा पास रशर, चेंडू झेलणारा रिसीव्हर, रिसीव्हरला अडवणारा कॉर्नर महाग. चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक, सेफ्टी, बचावाच्या दुसऱ्या फळीतला लाइनबॅकर त्या मानाने स्वस्त. लाइनमध्ये टॅकलच्या आत उभ्या राहणाऱ्या गार्डचे भाव अलीकडे चढले आहेत, तरी टॅकलच्या खालीच आहेत. यातून निघणारा नियम सरळ आहे: बाजारात जी जागा महाग ती ड्राफ्टमधून भरायची, स्वस्त ती बाजारातून.

२०१८ साली जायंट्सनी हा नियम दोन्ही टोकांनी मोडला. मार्चमध्ये तिशीला टेकलेल्या लेफ्ट टॅकल नेट सोल्डरला ४ वर्षांसाठी ६.२ कोटी डॉलर दिले आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या क्रमांकावर सेक्वॉन बार्कली हा रनिंग बॅक घेतला. बार्कलीबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पहिल्याच वर्षी त्याने १,३०७ यार्ड काढले. पण त्याच्यापुढे वाट मोकळी करणारी लाइन नव्हती. २०२४ मध्ये तो ३ वर्षांच्या ३.७७५ कोटींच्या करारावर फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला, त्याच हंगामात २,००५ यार्ड धावला आणि सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम लढत, जिंकून आला.

त्या ईगल्सची लाइन कशी उभी राहिली ते बघा. लेन जॉन्सन २०१३च्या ड्राफ्टमधला चौथा. जॉर्डन मायलाटा २०१८च्या सातव्या फेरीतला, २३३ वा, ऑस्ट्रेलियातून आलेला रग्बीपटू, ज्याने तोवर अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. लँडन डिकरसन २०२१च्या दुसऱ्या फेरीतला, कॅम जर्गन्स २०२२च्या दुसऱ्या फेरीतला. पाचवा मेखाय बेक्टन, जेट्समधून बाहेर पडलेला टॅकल. त्याला एका वर्षाच्या स्वस्त करारावर आणून गार्ड केलं. चार जण ड्राफ्टमधले, एक बाजारातला, आणि एवढी तयारी झाल्यावर मग रनिंग बॅक आणला.

रनिंग बॅक कुठे मिळतो हे तुम्हालाही आता ठाऊक आहे. टायरोन ट्रेसी २०२४च्या पाचव्या फेरीतून आला आणि त्याने पहिल्याच वर्षी ८३९ यार्ड काढले. कॅम स्कॅटबो २०२५च्या चौथ्या फेरीतला. त्याचा घोटा ऑक्टोबरमध्ये निखळला हे खरं, पण म्हणून मार्चमध्ये या जागेवर कोटी ओतायची गरज नाही.

आता मूळ मुद्दा. डार्ट २०२५च्या ड्राफ्टमध्ये पंचविसावा निवडला गेला. त्याचा चार वर्षांचा करार सुमारे १.७ कोटी डॉलरचा आहे, म्हणजे सरासरी वर्षाला ४२ लाख. त्याच्याआधीच्या क्वार्टरबॅकला, डॅनियल जोन्सला, तुम्ही वर्षाला ४ कोटी कबूल केले होते. दरवर्षी साडेतीन कोटींचा फरक. २०२५ मध्ये संपूर्ण संघाची कॅप २७.९२ कोटी होती. तिच्या आठव्या हिश्श्याएवढी रक्कम केवळ या एका कारणाने मोकळी होते.

ती किती वर्षं मोकळी राहते, ते मोजा. २०२५ गेलं. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा करार तिसरा हंगाम संपेपर्यंत वाढवता येत नाही, म्हणून २०२६ आणि २०२७ पक्की. मे २०२८पर्यंत करार एक वर्ष वाढवण्याचा, म्हणजे पाचव्या वर्षाचा, पर्याय घ्यायचा की नाही हे ठरवावं लागेल, आणि डार्ट चांगला निघाला तर त्याचा एजंट त्याच उन्हाळ्यात दार ठोठावेल. म्हणजे खात्रीची स्वस्त वर्षं दोन, ओढूनताणून तीन. पंचविसाव्या क्रमांकासाठी तुम्ही ३४ आणि ९९ या दोन निवडी आणि २०२६ची तिसरी फेरी दिली. निवडींची किंमत गुणांत मांडणाऱ्या जुन्या गुणतक्त्यात पंचविसाव्याचे ७२० गुण होतात, ३४ आणि ९९ मिळून ६६४. वर पुढच्या वर्षीची एक निवड. क्वार्टरबॅकसाठी हा भाव वाजवी होता. पाचव्या वर्षाचा पर्याय फक्त पहिल्या फेरीतल्या खेळाडूलाच लागू असतो, त्यामुळे वर चढून घेण्यात शहाणपण होतं. तो सौदा फळेल की नाही हे आता डार्टइतकंच तुमच्या मार्चच्या खरेदीवर अवलंबून आहे.

जोन्सच्या कराराचा हिशेब इथे सविस्तर मांडतो, कारण तीच चूक दुसऱ्या नावाने परत होऊ शकते. साइनिंग बोनस म्हणजे उचल. खेळाडूच्या हातात पैसे लगेच पडतात, कॅपच्या वहीत मात्र ते कराराच्या वर्षांत समान वाटून लिहिले जातात, जास्तीत जास्त पाच वर्षांत. जोन्सला मार्च २०२३ मध्ये, फ्रँचायझी टॅगची (खेळाडूला एक वर्ष रोखून ठेवण्याचा संघाचा हक्क) मुदत संपायला काही मिनिटं असताना, ४ वर्षांचा १६ कोटींचा करार मिळाला. त्यात उचल ३.६ कोटी, म्हणजे वर्षाला ९० लाख. सप्टेंबरमध्ये तात्पुरती जागा करण्यासाठी त्याच्या पगारातले सुमारे ८४ लाख उचलीत वळवले. वर्षाला आणखी २१ लाख. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला सोडलं तेव्हा दोन वर्षांचे हप्ते वहीत शिल्लक होते. दोनदा १ कोटी ११ लाख, म्हणजे २.२२ कोटी डॉलर. संघात नसलेल्या खेळाडूच्या नावावर २०२५च्या कॅपमधून गेलेली ही बुडीत रक्कम.

२०२३ साठी त्याचा पाचव्या वर्षाचा पर्याय सुमारे २.२४ कोटींचा होता आणि २०२२ मध्ये तुम्ही तो नाकारला होता. मानेच्या दुखापतीनंतर तो नाकारणं समजण्यासारखं होतं, त्याबद्दल दोष देत नाही. चूक पुढे झाली. एक चांगला हंगाम पाहून, ३,२०५ यार्ड आणि टचडाउनच्या, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवणाऱ्या, १५ पासांवर, चार वर्षांचा भाव लावला. २०२८ मध्ये डार्टबाबत हाच प्रसंग येईल. तेव्हा घाई होऊ नये म्हणून पर्यायाचं वर्ष आधीच हिशेबात धरून ठेवा, आणि कॅप मोकळी करण्यासाठी पगार उचलीत वळवायचा झाला तर फक्त अशा खेळाडूचा वळवा, जो आणखी दोन वर्षं नक्की तुमच्याकडे असेल आणि ज्याच्या पायाला, गुडघ्याला इजा नाही. कराराच्या शेवटी पोकळ वर्षं जोडून हप्ता लांबवण्याची सवय तर लावूच नका. जी रक्कम आज दिसत नाही ती तीन वर्षांनी एकदम अंगावर येते.

आता २०२१च्या अकराव्या निवडीचं काय झालं ते सलग वाचा. तुम्ही ती शिकागोला दिली आणि बदल्यात विसावी निवड, पाचव्या फेरीतली एक, पुढच्या वर्षीची पहिली फेरी आणि चौथी फेरी घेतली. हा आवळा देऊन कोहळा काढण्याचाच व्यवहार होता. विसाव्यावर रिसीव्हर कडेरियस टोनी घेतला. तो १२ सामने खेळला आणि जायंट्ससाठी एकही टचडाउन पकडू शकला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याला कॅन्सस सिटीला दिलं, बदल्यात तिसऱ्या फेरीच्या शेवटची आणि सहाव्या फेरीतली निवड मिळाली. ती तिसऱ्या फेरीतली, म्हणजे शंभरावी, निवड देऊन टाइट एंड डॅरेन वॉलरला आणलं. वॉलरने एक हंगाम खेळून जून २०२४ मध्ये निवृत्ती घेतली. शिकागोकडून आलेली पहिली फेरी २०२२ मध्ये सातवी ठरली, तिच्यावर टॅकल इव्हान नील आला आणि तो उजव्या टोकाला कधी स्थिरावलाच नाही.

यावरून वरची निवड देऊन खाली उतरायचंच नाही असा धडा कुणी घेतला तर तो चुकीचा ठरेल. सौदा चांगला होता, निवडी फसल्या. त्या का फसल्या, हे तपासायची जागा स्काउट आणि लाइनचे प्रशिक्षक यांच्या बैठकीत आहे. आता नवा प्रशिक्षकवर्ग येतो आहे, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याला विचारा: टॅकलच्या पायांत तुम्हाला काय हवं, गार्डमध्ये काय हवं, वजन किती चालेल? लेखी घ्या. मग यादी करा. आधी खेळाडू निवडून मग त्याला कोणत्या जागेवर बसवायचं हे शोधत बसणं परवडत नाही.

सेफ्टीच्या जागेचा प्रवासही असाच आहे. मार्च २०२४ मध्ये झेव्हियर मकिनीला जाऊ दिलं. ग्रीन बेने त्याला वर्षाला १.६७५ कोटी दिले, आणि त्याच हंगामात ८ इंटरसेप्शन घेऊन (प्रतिस्पर्ध्याचे पास मधेच पकडून) तो ऑल-प्रो या वर्षाच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. एप्रिलमध्ये त्याच्या जागी दुसऱ्या फेरीतली ४७ वी निवड वापरून टायलर न्यूबिन घेतला. मार्च २०२५ मध्ये पुन्हा त्याच जागेसाठी जेवॉन हॉलंडला ३ वर्षांचे ४.५३ कोटी, म्हणजे वर्षाला १.५१ कोटी. जेवढे पैसे वाचवायचे म्हणून घरचा मुलगा सोडला, जवळपास तेवढेच वर्षभराने बाहेरच्याला दिले आणि मधे दुसऱ्या फेरीतली एक निवडही खर्ची पडली.

या व्यवहारात एक चांगली गोष्ट मात्र झाली, आणि तीच नीट जोपासायला हवी. मकिनी गेल्याची भरपाई म्हणून २०२५ मध्ये तुम्हाला ९९ वी निवड मिळाली, आणि तीच डार्टच्या सौद्यात कामी आली. भरपाईच्या निवडींचा नियम असा: करार संपून गेलेले किती खेळाडू गमावले आणि तसेच किती आणले, यांची वजाबाकी होते. गेलेल्याचा पगार जितका मोठा, तितकी वरची फेरी. संघाला वर्षाला जास्तीत जास्त चार निवडी, सगळ्या लीगमध्ये मिळून ३२. ज्याला त्याच्या संघाने मुदतीआधीच काढून टाकलं, तो या वजाबाकीत धरला जात नाही. ड्राफ्टनंतरच्या सोमवारची मुदत उलटल्यावर घेतलेला खेळाडूही धरत नाहीत. बॉल्टिमोर वर्षानुवर्षं याच दोन फटींतून निवडी जमवत आला आहे. तुमची तिसरी फेरी गेलेली असताना हा मार्ग बंद करून घेणं परवडणारं नाही. म्हणून मार्चच्या पहिल्या दोन दिवसांत एक, फार तर दोन मोठे करार. बाकीची भरती काढून टाकलेल्यांतून किंवा ड्राफ्टनंतर. एरवी खोगीरभरती होते आणि भरपाईही हुकते.

मोठा करार करायचाच तर कुणाशी, हेही तुमच्याच वहीत लिहिलेलं आहे. रिसीव्हर केनी गॉलाडेला २०२१ मध्ये ४ वर्षांचे ७.२ कोटी दिले. आधीच्या हंगामात दुखापतीमुळे तो पाचच सामने खेळला होता. दोन वर्षांत ४३ झेल, ६०२ यार्ड, एक टचडाउन. उलट पास रशर ब्रायन बर्न्स पंचविशीत आला, तब्येतीने ठणठणीत, महागड्या जागेवरचा. त्याच्यासाठी ३९ वी निवड दिली, ५ वर्षांचे १४.१ कोटी दिले, आणि हा खर्च योग्य होता असं आम्ही मोकळेपणाने म्हणतो. वय २६च्या आत, मागच्या दोन हंगामांत निदान ३० सामने, आणि त्याच पद्धतीच्या संघात आधी खेळलेला. या तिन्ही अटी पूर्ण होत नसतील तर मोठा धनादेश फाडू नका.

पाचव्या निवडीबद्दल थोडक्यात. मलिक नेबर्सने २०२४ मध्ये १०९ झेल घेतले, अब्दुल कार्टर तिसऱ्या क्रमांकावर आला. वरच्या निवडी महाग जागांवर लावायचा तुमचा अलीकडचा कल बरोबर आहे, तो सोडू नका. नेबर्सचा गुडघा सप्टेंबरमध्ये फाटला म्हणून घाबरून रिसीव्हर घेणं, ही तहान लागल्यावर विहीर खणण्याची रीत झाली. क्वार्टरबॅकच्या मागे लागलेला संघ फोन करेल तेव्हा तक्ता समोर ठेवा. पाचव्याचे गुण १,७००, अकराव्याचे १,२५०. फरक ४५०, म्हणजे दुसऱ्या फेरीतली साधारण ४५ वी निवड. हा झाला कोरा हिशेब. क्वार्टरबॅकसाठी येणाऱ्याने त्यावर पुढच्या वर्षीची पहिली फेरी मोजलीच पाहिजे. तो मोजत नसेल तर जागेवर बसून टॅकल किंवा पास रशर घ्या.

लाइनचं दुखणं जुनं आहे. २०२३ मध्ये जायंट्सच्या क्वार्टरबॅकना एका हंगामात ८५ वेळा पाडलं गेलं, लीगच्या इतिहासातला हा दुसरा सर्वांत मोठा आकडा. २ ऑक्टोबरला सिॲटलविरुद्ध एका रात्रीत ११ सॅक, म्हणजे ११ वेळा क्वार्टरबॅक पाडला गेला. डार्ट पळणारा क्वार्टरबॅक आहे, स्वतः अंगावर घेतो, आणि ९ नोव्हेंबर २०२५ला शिकागोत डोक्याला मार लागून बाहेर गेला. त्याच्यापुढची फळी पाच जणांची समजू नका, आठ जणांची समजा. सामन्याच्या दिवशी आठ लाइनमन असतील तर ४८ खेळाडू उतरवता येतात, नसतील तर ४७. या आठांतला सहावा म्हणजे दोन्ही बाजूंना टॅकल खेळू शकणारा, आणि तो असा हवा ज्याने लीगमध्ये सामन्याची सुरुवात केलेली आहे. सातवा सेंटर (लाइनच्या मधोमधचा) आणि गार्ड दोन्ही. दोघांनाही बाजारातून घ्या, एका वर्षाच्या करारावर. ड्राफ्टच्या पाचव्या फेरीतल्या मुलाला पहिल्याच हंगामात सहावा करून ठेवलं की एखादा टॅकल जायबंदी होताच सगळी लाइन सरकवावी लागते: डावा गार्ड टॅकलवर, सेंटर गार्डवर, आणि एका दुखापतीने तीन जागा कच्च्या होतात.

शेवटच्या दोनतीन जागांकडेही लक्ष द्या. १५ सप्टेंबर २०२४ला वॉशिंग्टनमध्ये किकर ग्रॅहम गॅनो पहिल्याच किकऑफवर जायबंदी झाला. तो सामन्याआधीच दुखण्याने त्रस्त होता आणि दुसरा किकर मैदानात उतरवलेला नव्हता. तीन टचडाउन करून, एकही न देता, सामना २१-१८ असा गेला. सराव पथकातून दर सामन्याला दोन खेळाडू वर घेता येतात, त्यासाठी कॅपवर पडणारा भार नगण्य असतो. १९ ऑक्टोबर २०२५ला डेन्व्हरमध्ये चौथ्या पर्वाच्या सुरुवातीला १९-० अशी आघाडी होती. तिथे टचडाउननंतरच्या किकचे दोन एक्स्ट्रा पॉइंट हुकले आणि ३३-३२ असा पराभव झाला. किकरच्या जागेसाठी ऑगस्टमध्ये खरी स्पर्धा लावा, वाऱ्यात, मेटलाइफ या घरच्या मैदानावरच, आणि हरणाऱ्याला सराव पथकात ठेवा.

मार्चमध्ये बाजार उघडण्याआधीच्या सोमवारी दुपारी बाराला एजंटांशी बोलायची मुभा सुरू होते, करारावर सही बुधवारी चारनंतर. बारा वाजता पहिला फोन गार्डच्या एजंटला जावा, दुसरा बचाव फळीच्या मधोमध धाव अडवणाऱ्या वजनदार टॅकलच्या. रिसीव्हरचे एजंट तुम्हाला स्वतःच फोन करतील. त्यांना गुरुवारी उत्तर द्या.

आपले,
न्यू जर्सीतील मराठी जायंट्स समर्थक